कापणी नसलेल्या वर्षीचा कापणीचा सण

आधी विषय सांगायचे आणि मग प्रार्थनेला उभं राहायचं, ही आमच्या मंडळीतली जुनी रीत. माझ्या लहानपणी नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावी बुधवारच्या सभेत विषय जवळपास पाठ झालेले असायचे. पाऊस. विहिरीचं पाणी. कुणाची गाय विताना अडलेली, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं, कुणाचा नवरा मुंबईच्या गिरणीत गेलेला आणि पोळा उलटला तरी मनीऑर्डर नाही. आता पुण्यातल्या आमच्या मंडळीत विषय सभेच्या आधीच फोनवर येऊन पडतात. कंपनीत माणसं कमी करताहेत. व्हिसाची तारीख पुढे गेली. बायॉप्सीचा रिपोर्ट उद्या आहे. बिल्डर ताबा देत नाही. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते, आणि त्या रांगेत माझेही हात असतात.

माझी भाची आयटीत आहे. मध्यंतरी तिच्या कंपनीतून शेजारच्या टेबलावरची चार माणसं एका दिवसात गेली. ती मला म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळी निदान सगळं ठरलेलं तरी असायचं." मी म्हटलं, "ठरलेलं काय होतं गं? पाऊस?"

तरुणांचा हा समज आम्हीच करून दिलाय. आम्ही आठवणी सांगतो त्या नाताळच्या. करंज्या, रात्रभर ढोलकी-झांजांवर चाललेली भजनं, पहाटे कंदील घेऊन घरोघर फिरणारी गाण्याची टोळी, दारात उभं राहून एकमेकांना केलेला "सलाम". सगळं खरं आहे. पण त्या करंज्यांत सारण किती होतं आणि नुसतं पीठ किती, हे आपण सांगत नाही. म्हणून आज नाताळ बाजूला ठेवते आणि 1972 सालचा कापणीचा सण सांगते.

बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की कापणीचा सण म्हणजे शेतात आलेलं पहिलं उत्पन्न देवळात आणून उपकारस्तुती करायची. आमच्याकडे तो दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी व्हायचा. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, डांगर, कोंबडी, अंडी, गुळाची ढेप, ज्याच्याकडे जे असेल ते वेदीपुढे मांडायचं. उपासना संपली की अंगणात लिलाव. डांगर कुणीतरी दोन रुपयाला घ्यायचं आणि लगेच परत दान करायचं, मग ते पुन्हा लिलावात. एकेक डांगर चार घरं फिरून शेवटी पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात पोचायचं. आम्हा पोरांना त्या लिलावाइतकी मजा कशातच वाटत नसे.

त्या वर्षी बाजरी हातभर वाढून जळाली. आधीची वर्षंही ओढगस्तीचीच गेली होती, पण बहात्तरने घरातली उतरंड खालपर्यंत रिकामी केली. गावची माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती, बाया पाझर तलावावर माती वाहत होत्या. दुपारी पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची आणि तव्यावर टाकली की मधोमध तडकायची. आई पाणी जास्त घालून, हात हलका ठेवून बघायची. शेवटी तिने भाकरीचा नाद सोडला आणि पीठ शिजवून कण्या केल्यासारखं वाढायला लागली. वास मात्र जात नसे. मी तेव्हा चौथीत होते. तो वास आजही नाकात आहे, आणि ज्यांनी मिलो खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

तर मंडळीच्या पंचकमिटीत वाद झाला. कापणीच नाही तर कापणीचा सण कसला करायचा? माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे सभा आमच्याच ओट्यावर. एकाचं म्हणणं, यंदा नुसता उपास आणि प्रार्थना ठेवू. दुसरा म्हणाला, लोकांना रिकाम्या हाताने देवळात यायला लाज वाटेल, त्यापेक्षा नकोच. पाळकसाहेब फारसं बोलले नाहीत. सण होईल, एवढंच म्हणाले.

सण झाला. वेदीपुढे जे मांडलं गेलं ते मला आजही ओळीने सांगता येईल. पदराच्या गाठीत आणलेली मिलो. एक वाटी सुकडी, आणि ती बघून आम्ही पोरं फिदीफिदी हसलो म्हणून बसलेला धपाटा. दोन अंडी. दुष्काळी कामाच्या मजुरीतली नाणी. आणि शेवटी आमच्या वस्तीतले एक काका आले, त्यांच्या हातात शेणाने तोंड लिंपलेलं गाडगं होतं. आत राखेत घोळलेलं बाजरीचं बी. घरात खायला दाणा नसताना त्या माणसाने बी मोडलं नव्हतं.

उपदेश यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायावर होता. तो प्रसंग पुष्कळांना माहीत नसतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. शहर पडणार, हे खुद्द यिर्मयाच सांगत आलाय आणि त्यापायी राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. गाव शत्रूच्या ताब्यात, घेणारा कैदेत, आणि विकणारा हुशार! यिर्मया सतरा शेकेल रुपे मोजून देतो, साक्षीदार बोलावतो, खत करतो, मोहर लावतो आणि बारूखाला सांगतो की हा कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. पुढे शहर पडलंच. यिर्मयाला लोकांनी मिसर देशात नेलं. त्या शेतात त्याने कधी पेरणी केल्याचं बायबलात कुठे नाही.

लिलावात ते गाडगं आलं तेव्हा माझ्या वडिलांनी बोली चढवली. आम्हाला जमीन नव्हती, गुंठाभरसुद्धा नाही. पाच रुपयाला घेतलं, मास्तरच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. आणि ते उचलून काकांच्याच हातात परत दिलं. म्हणाले, "हे तुमच्याच घरी राहू द्या. मिरगाला मी मागायला येतो." पुढच्या वर्षी पाऊस झाला. काकांचे बैल दुष्काळात विकले गेले होते, पेरणी उसन्या जोडीवर झाली. वडील खरोखरच बांधावर जाऊन उभे राहिले.

ख्रिस्ती आशा म्हणजे काय, यावर मी पुढे बरेच उपदेश ऐकले, थोडी पुस्तकंही वाचली. पण त्या रविवारी कुणी "सगळं चांगलं होईल" असं म्हटलेलं मला आठवत नाही. पाऊस येईल असं वचनही पाळकांनी दिलं नाही. मिरगाला काय करायचं, एवढं ठरलं.

माझ्या आजीची आई 1899-1900 च्या दुष्काळात नगरच्या मिशनकडे आलेली. नगर म्हणजे आता अहिल्यानगर, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनने तिथे 1831 साली ठाणं केलं. त्या दुष्काळात रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी जे मदतकार्य केलं त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पलीकडे केडगावला पंडिता रमाबाई दुष्काळातल्या पोरीबाळी गोळा करून आणत होत्या, आधी मध्य प्रांतातून, मग गुजरातेतून. त्यांच्या मुक्ती मिशनात शतक उजाडता उजाडता दीड हजारांवर माणूस होतं. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. त्यामुळे भुकेलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर काय असतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणल्या, फळझाडं लावली, छापखाना घातला. आणि ज्या पोरी हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या त्यांच्याच पिढीच्या हातांनी पुढे रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे जुळवले.

आम्हाला "पोटासाठी बाटले" असं म्हणतात. लहानपणी हे पाणवठ्यावर ऐकलं, मोठेपणी चहाच्या टेबलावर सभ्य शब्दांत ऐकलं. माझं उत्तर सरळ आहे. हो, आजीची आई पोटासाठीच आली. ज्या गावाने तिला विहिरीला शिवू दिलं नाही, त्या गावाने तिच्या पोटाबद्दल बोलू नये. आणि तिच्या घरात पुढे एक वळण पडलं ते असं, की रोज दळण घेण्याआधी सुपातली एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी डबा देवळात. आजी टाकायची, आई टाकायची. बहात्तरमध्ये मूठ लहान झाली, चिमटीवर आली, पण डबा बंद पडला नाही. आमच्या घरी तो पत्र्याचा डालड्याचा डबा होता, झाकणाला चीर गेलेला. त्या चिरेतून दाणे काढून खायची विद्या माझ्या धाकट्या भावाला अवगत होती.

जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेली नाही. मिशनच्या कंपाउंडात साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. कुणाला शिक्षकाची जागा मिळायची आणि कुणाला नाही, यात गुणाबरोबर ओळखही चालायची. बाप्तिस्मा घेतला तरी कोण मूळचं महारवाड्यातलं आणि कोण मांगवाड्यातलं हे लग्न ठरवताना बरोबर आठवायचं. आणि देशाने काय केलं? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. गावाच्या दृष्टीने जात कायम, कागदाच्या दृष्टीने नाही. अनिश्चितता म्हणतात ती ही. तिच्यात तीन पिढ्या गेल्या.

तरीही तेव्हाच्या आशेत एक गोष्ट होती जी आज मला कमी दिसते. तिला कुदळ-फावड्याची सवय होती. जालन्याच्या पंपाचं बघा. आपल्या मराठवाड्यात, नगर-सोलापुरात जमिनीखाली काळा पाषाण. सुरुंग लावून विहीर खणायची, पाणी लागलं तर नशीब. 1960 नंतर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्यातल्या मिशनने हवेच्या दाबावर चालणारी खडक फोडणारी यंत्रं आणून बोअर घ्यायला सुरुवात केली. बोअर झाले, पण वर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. ते पंप मुळात एका शेतघराच्या गरजेपुरते केलेले, आणि इथे सगळं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा मारणार. मग मिशनच्याच माणसांनी पोलादी पंप घडवला, त्याला जालना पंप म्हणत. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. दांडा एकाच कण्यावर फिरेल आणि सळई साखळीने ओढली जाईल अशी सोय त्यात होती. त्याच्यावरूनच 1970 च्या दशकात युनिसेफ आणि सरकारने मिळून इंडिया मार्क टू बनवला. तुमच्या गावच्या शाळेपुढे जो हातपंप होता किंवा अजून आहे, तो बहुतेक हाच. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो पोचला. त्याच्यावर कुठेही क्रूस कोरलेला नाही.

कॅथलिक मंडळींत स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट फादर हर्मन बाखर नगर जिल्ह्यात असंच पाण्यामागे लागले होते. पाणलोटाची कामं, म्हणजे डोंगरावर चर खणायचे, नाल्याला बांध घालायचे, चराई बंद ठेवायची आणि मग तीन-चार पावसाळे वाट बघायची. वाट बघणं हा त्यातला सर्वांत अवघड भाग. बकऱ्या कुठे न्यायच्या हा प्रश्न रोज संध्याकाळी दारात उभा असतो.

आता आजकडे येते. आमच्या पुण्याच्या देवळात कापणीचा सण होतो. वेदीपुढे मॉलमधली सफरचंदं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले अननस, बिस्किटांचे पुडे. दानार्पणासाठी क्यूआर कोड. याची मी टिंगल करत नाही. शहरातल्या माणसाची कापणी महिन्याच्या एक तारखेला बँकेत होते, त्याने आणखी काय आणावं? आणि त्याच कोडवरून 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरचे पैसे एका दुपारी जमले, ते मी पाहिलंय. मनीऑर्डरच्या काळात ते झालं नसतं.

मला खुपतं ते वेगळं. आमच्या घरातल्या टीव्हीवर आणि फोनवर आता असे उपदेशक येतात की ज्यांच्या आशेला तारीख असते. या महिन्यात तुझी बढती होईल, बीज म्हणून अमुक रक्कम पाठव, देव शंभरपट देईल. बीज! राखेत घोळलेलं, घरात उपाशी पोरं असताना राखलेलं बी ज्याने पाहिलंय त्याच्या पुढ्यात हा शब्द कसा वापरवतो कोण जाणे. बढती झाली नाही की माणूस म्हणतो, माझाच विश्वास कमी पडला. म्हणजे नोकरीही गेली आणि वर अपराधही डोक्यावर. असल्या आशेपेक्षा पंचकमिटीतला तो दुसरा गृहस्थ बरा, जो सरळ म्हणाला होता की यंदा सण नकोच.

माझी भाची आणि तिच्या वयाची मुलं आणखी एक विचारतात. देवाची माझ्याबद्दल काय योजना आहे? रिट्रीटला जातात, वहीत लिहितात, मोठ्यांना विचारतात. आमच्या वेळी हे कुणी विचारत नसे, आणि त्यात आमचा मोठेपणा काही नव्हता. मुलगी सातवी झाली, चुणचुणीत असली की नर्सिंगला, नाहीतर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला. मुलगा मास्तर, कंपाउंडर, ड्रायव्हर, फारच गोडबोल्या असला तर पाळक. गरज दारात बसलेली होती, उठून तिच्यामागे जायचं. आता दारं पुष्कळ झाली आणि दारातली गरज दिसेनाशी झाली. गेटवर वॉचमन आहे ना.

पण दिसते तेव्हा हीच मुलं उठतात. नगरचं बूथ हॉस्पिटल बघा. अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेलं, पुढे मुक्तिफौजेकडे गेलेलं. प्लेगने आपली शहरं ओस पडायची, त्याच काळातलं. 2020 मध्ये कोरोना आला, बड्या बड्या दवाखान्यांचे दरवाजे किलकिले झाले, तेव्हा या जुन्या दवाखान्याने कोरोनाचे रोगी घेतले. आमच्या नात्यातल्या एका मुलीची तेव्हा तिथे नव्हे, दुसऱ्या गावी अशीच ड्यूटी होती. आठवडेच्या आठवडे ती घरी आली नाही. फोन केला की एवढंच म्हणायची, "आत्या, प्रार्थना करा, पण आता फोन ठेवा, राउंड आहे." बुधवारच्या सभेचा सगळा अर्थ मला त्या एका वाक्यात सापडतो. तिच्या आजीनेही असंच सांगितलं असतं, फक्त फोन नसता.

मुंबईत तेव्हा घरबसल्या उपासना फोनवर चालू झाल्या, गावी तर नेटवर्कच नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या ओट्यावर बसून एका वेळी एकच भजन म्हणायचं ठरवलं होतं. सूर जुळायचा नाही म्हणे. एका घराचं तिसरं कडवं चालू आणि दुसऱ्याचं पहिलं.

आमच्या गावचं देऊळ अजून उभं आहे. बोर्डिंग बंद पडलं, त्याच्या दगडी भिंतीत पिंपळ उगवलाय. मिशनच्या जमिनींचे ठिकठिकाणी दावे चालू आहेत, त्यांबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. रविवारी पंधरा-वीस माणसं येतात, बहुतेक साठीच्या पुढची. तरुण पुण्याला, सुप्याच्या एमआयडीसीत, काही आखातात. विहिरीला उन्हाळ्यात टँकर येतो, बहात्तरमध्ये येत नव्हता. शाळेपुढचा हातपंप गंजलाय आणि त्याचा दांडा कुणीतरी भंगारात घातला. तरी पंचकमिटी भरते. मागच्या खेपेला गेले तेव्हा विषय होता की गावातल्या दोन मुलींना नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि पहिल्या वर्षाच्या फीचं काय करायचं. दोघींपैकी एक आमच्या मंडळीतली, एक नाही. ओट्यावर अर्धा तास त्यावर चर्चा झाली आणि दोघींचीही भरायची असं ठरलं. पैसे अर्थातच कमी पडताहेत.

म्हणून पुण्या-मुंबईच्या मंडळींना एक विनंती. यंदाचा कापणीचा सण आला की लिलाव पुन्हा सुरू करा, खरा, अंगणातला, आरडाओरडीचा. सफरचंदं चालतील. एकच फळ चार वेळा विका. जमलेली रक्कम देवळाच्या नव्या फरशीला न लावता आपापल्या मूळ गावी पाठवा आणि तिथल्या पंचकमिटीला विचारा की तुमच्याकडे कुणाची फी भरायची राहिली आहे. प्रवेशाच्या तारखा मंडळीच्या सोयीने येत नाहीत, तेव्हा विषय पुढच्या सभेतच घ्या.